धर्मबंधु गोन्सालो गार्सिया

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाची ही स्मरणिका सिद्ध करण्याचें काम हातीं घेतलें, तेव्हां प्रथम मीं एक यादी तयार केली. तींत आजवर येथें सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंचीं नांवें होतीं, देवमंदिराच्या बांधकामास सढळ हातानें साहाय्य करणाऱ्या दात्यांचीं होतीं, आणि महोत्सव समितीच्या सभासदांचीं होतीं. एके रविवारीं मिस्सेनंतर ती यादी मीं जमलेल्या मंडळींस वाचून दाखविली. सर्वांनीं माना डोलविल्या. गेलीं कित्येक वर्षें वेदीवरील वस्त्रें धुवून, खळ घालून, इस्त्री करून आणणारी एक वृद्ध बाई दाराशीं उभी होती. तिनें अगदीं सहज विचारलें कीं, पायाभरणीच्या वर्षीं डोक्यावरून रेतीच्या पाट्या वाहून आणणाऱ्या बायांचीं नांवें कोणत्या पानावर यावयाचीं आहेत. मजजवळ उत्तर नव्हतें. त्या बायांचीं नांवें कोणत्याच वहींत नाहींत.

स्मरणिकेच्या आरंभीं संत गोन्सालो गार्सिया यांच्याविषयीं नेहमींच्या वळणाचा एक लेख द्यावा, असा माझा मूळचा विचार होता. तशा लेखांस आपल्याकडे तोटा नाहीं. जन्म, प्रवास, क्रूसावरील मरण व संतपदाची घोषणा, ही कथा लहानपणापासून आपण सर्वांनीं ऐकिली आहे. परंतु त्या बाईच्या प्रश्नानंतर तेंच चरित्र घेऊन मी पुन्हां बसलों, आणि ज्या गोष्टींवरून आजवर माझी नजर घसरत गेली होती त्याच या वेळीं समोर येऊन उभ्या राहिल्या. गोन्सालो हे धर्मगुरु नव्हते. त्यांनीं कधीं मिस्सा अर्पण केली नाहीं, कोणास पापक्षमेचा संस्कार दिला नाहीं, कोठें अधिकारपद भूषविलें नाहीं. दुसऱ्यांचे शब्द एका भाषेंतून दुसऱ्या भाषेंत नेऊन पोंचविणें, हेंच त्यांचें आयुष्यभराचें मुख्य काम. अशा कामाचा धर्म असा आहे कीं, तें जितकें चांगलें होईल तितकें तें करणाराकडे लक्ष कमी जातें.

वसईचा मुलूख सन १५३४ मध्यें गुजराथच्या सुलतान बहादूरशहाकडून तहानें पोर्तुगीजांकडे गेला. पुढें खाडीच्या मुखावर भक्कम किल्ला उभा राहिला, किल्ल्यांत देवमंदिरें व मठ झाले, आणि येशूसंघीय धर्मगुरूंनीं तेथें विद्यालय चालविलें. या वसईंत सन १५५७ च्या सुमारास गोन्सालो जन्मास आले. वडील पोर्तुगीज शिपाई, आई आपल्या वसईकडील. अशा घरांतील मुलाचा एक पाय किल्ल्यांत व एक पाय किल्ल्याबाहेर असे. पोर्तुगालांतून आलेले लोक त्यास आपल्यांतला समजत नसत, व गांवचे लोकहि त्यास अर्धा परकाच मानीत. गोन्सालोंस मात्र येशूसंघाच्या विद्यालयांत मायेचीं माणसें भेटलीं. फादर सेबास्टियन गोन्सालविस यांनीं त्यांस आपल्या देखरेखीखालीं शिकविलें. आजहि वसईच्या किल्ल्यांत येशूसंघाच्या त्या जुन्या देवमंदिराची दर्शनी भिंत पाहतांना, याच अंगणांत तो मुलगा खेळला असेल, हा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

वयाच्या पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते फादर सेबास्टियन यांच्याबरोबर जपानांत गेले. आज आपलीं मुलें आखातांत किंवा कानडांत नोकरीस जातात तेव्हां आई-बापांच्या डोळ्यांस पाणी येतें. त्या काळीं शिडांच्या जहाजांतून गोवें, मलाक्का व मकाव या बंदरांवरून जावें लागे. वारा अनुकूल होण्याची वाट पाहत महिन्यांमागून महिने जात, आणि निघालेला प्रत्येक जण पोंचेलच असें कोणी म्हणत नसे.

संत फ्रान्सिस झेवियर सन १५४९ मध्यें जपानांत उतरले होते. त्यांच्यामागून गेलेले धर्मगुरु मोठे विद्वान होते, परंतु जपानी भाषा त्यांस फार जड जाई. लिपि निराळी, वाक्याची घडण निराळी, आणि मोठ्याशीं बोलण्याचे शब्द एक तर बरोबरीच्याशीं बोलण्याचे दुसरेच. चाळिशीच्या पंडितास जें साधत नाहीं तें पंधरा वर्षांच्या मुलास बाजारांत फिरतां फिरतां साधतें. गोन्सालो थोड्याच काळांत जपानी माणसासारखें बोलूं लागले. आठ-दहा वर्षें त्यांनीं येशूसंघाच्या धर्मगुरूंबरोबर धर्मशिक्षक म्हणून काम केलें. धर्मगुरु उपदेश करीत तो लोकांस समजेल अशा भाषेंत सांगावा, मुलांस प्रार्थना पाठ करवाव्यात, स्नानसंस्कार घेऊं इच्छिणारांची तयारी करून घ्यावी, आजाऱ्यांच्या घरीं जावें. गोन्सालो पुढें बोलत व धर्मगुरु शेजारीं उभे राहत, परंतु वार्षिक वृत्तांत रोमला जाई तो धर्मगुरूंच्या कार्याचा.

या वर्षांत त्यांची एकच इच्छा होती, कीं येशूसंघानें आपणांस संघांत घ्यावें. त्यांनीं पुनःपुन्हां विनंती केली, आणि ती मान्य झाली नाहीं. त्या काळीं आशियांत मिश्र कुळीं जन्मलेल्या तरुणांस संघांत घेण्याविषयीं वरिष्ठ फार सावध असत. हें इतिहासप्रसिद्ध आहे व लपविण्यासारखें नाहीं. चारशें वर्षांनंतर मी येथें बसून त्या वरिष्ठांचा न्यायनिवाडा करूं इच्छित नाहीं. त्यांपैकीं कित्येक पवित्र पुरुष होते, व आपण सावधगिरीनें वागत आहों असेंच त्यांस मनापासून वाटत असावें. परंतु ज्याच्या जिभेवर सर्वांचें काम चालतें, त्याला घरांत जागा नाहीं, हें दुःख कसें असतें याची कल्पना करणें कठीण नाहीं. आपल्या धर्मग्रामांतहि तें दुःख कोणीं भोगलेंच नसेल, असें मी छातीस हात लावून सांगूं शकत नाहीं.

गोन्सालोंनीं संघाची सेवा सोडली व व्यापार आरंभिला. जपानचीं बंदरें, मकाव, फिलिपाइन्स बेटें, सर्वत्र त्यांची ये-जा होऊं लागली. भाषा येत होती, माणसांची पारख होती, हात सचोटीचा होता. पैसा जमूं लागला. रुसून बसण्यास एवढें कारण पुरेसें होतें. आपणांस नाकारणाऱ्या लोकांचें तोंड पुन्हां पाहावयाचें नाहीं असें ठरवून, सुखवस्तु व्यापारी म्हणून त्यांनीं उरलेलें आयुष्य घालविलें असतें तर त्यांस दोष कोण देता? त्यांनीं तसें केलें नाहीं. मनिला येथें त्यांचा फ्रान्सिस्कन संघाच्या मंडळींशीं परिचय झाला, आणि सन १५८८ च्या सुमारास आपला व्यापार व संपत्ति टाकून ते त्या संघांत दाखल झाले. तेथेंहि ते धर्मगुरु म्हणून नव्हे, तर धर्मबंधु म्हणून, ज्यांस आपण ब्रदर म्हणतों, तसे राहिले. ब्रदरांचें काम म्हणजे स्वयंपाक, दारवानी, भिक्षा मागून आणणें, आजाऱ्यांची शुश्रूषा.

येथें मला माझ्या सेमिनरींतील दिवस आठवतात. आमच्याकडे स्वयंपाकघर व बाग सांभाळणारे एक वृद्ध ब्रदर होते. आम्हां विद्यार्थ्यांस प्रत्येक प्राध्यापकाची पदवी पाठ होती, परंतु या ब्रदरांचें पूर्ण नांव मला ते गेल्यावर, त्यांच्या कबरीवरील फळीवर वाचून समजलें. सात वर्षें त्यांच्या हातचें जेवलों होतों.

असो. सन १५९१ पासून फिलिपाइन्सवर एक संकट घोंगावत होतें. जपानचा सर्वसत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यानें मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नराकडून शरणागतीची मागणी केली होती. याच हिदेयोशीनें सन १५८७ मध्यें परदेशी धर्मगुरूंस जपान सोडून जाण्याचा हुकूम काढला होता, जरी त्याची अंमलबजावणी कडक झाली नव्हती. मनिलाच्या गव्हर्नरानें पहिला वकील म्हणून एका डोमिनिकन धर्मगुरूंस पाठविलें. ते परततांना समुद्रावर अंतरले. सन १५९३ मध्यें दुसरें वकीलमंडळ निघालें. त्याचे प्रमुख होते फ्रान्सिस्कन संघाचे फादर पेद्रो बाप्तिस्ता. त्यांच्यासंगें एक धर्मगुरु व दोन ब्रदर होते, आणि त्या दोघां ब्रदरांपैकीं एक आपले गोन्सालो.

हिदेयोशी त्या वेळीं कोरियावरील स्वारीसाठीं क्यूशू बेटावरील नागोया या किल्ल्यांत तळ देऊन होता. फादर पेद्रो विद्वान, तत्त्वज्ञानाचे अध्यापक, संघांतील मोठे अधिकारी. परंतु त्या दरबारांत त्यांस एक शब्दहि समजत नव्हता. शरणागति मागणाऱ्या बादशहापुढें एक वाक्य चुकीचें गेलें तर युद्ध पेटावें, आणि अति गोड गेलें तर सारें फिलिपाइन्स मांडलिक झालें असा अर्थ व्हावा. दरबारीं मध्यस्थांच्या हातीं बोलणें सोंपवावें, तर ते आपल्या लाभाप्रमाणें अर्थ फिरविणार नाहींत याची शाश्वती नव्हती. अशा वेळीं अनवाणी पायांचा, जाडाभरडा झगा घातलेला तो वसईचा ब्रदर पुढें होऊन बोलला. फादर पेद्रो यांचें मन त्यांस ठाऊक होतें, आणि जपानी माणसाचें मन व मर्यादाहि ठाऊक होती. बोलणें फिसकटलें नाहीं. फ्रान्सिस्कन मंडळींस जपानांत राहण्याची मुभा मिळाली, व पुढें राजधानी मियाको, म्हणजे आजचें क्योटो, येथें घर व देवमंदिर बांधण्यास जागाहि मिळाली.

सन १५९४ मध्यें तेथें देवमंदिर उभें राहिलें. त्याच्या शेजारीं दोन रुग्णालयें झालीं, व त्यांत मुख्यतः महारोगी ठेविले जात. ज्यांस घरच्यांनीं रस्त्यावर टाकिलें त्यांच्या जखमा धुणें, त्यांस भरविणें, मेल्यावर पुरणें, हें काम ब्रदर, व त्यांच्याभोंवतीं जमलेले जपानी ख्रिस्ती गृहस्थ करूं लागले. धर्मगुरूंस भाषा येऊं लागेपर्यंत प्रत्येक गोष्ट गोन्सालोंच्या मुखांतून जाई. जमीन मागावयाची झाली तर गोन्सालो, अधिकाऱ्यांची समजूत घालावयाची झाली तर गोन्सालो, रोग्यास तुझें कोठें दुखतें असें विचारावयाचें झालें तरी गोन्सालो.

एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. पोप तेरावे ग्रेगरी यांनीं सन १५८५ मध्यें जपानचें कार्य एकट्या येशूसंघाकडे सोंपविलें होतें. त्यामुळें फ्रान्सिस्कन मंडळींचें आगमन येशूसंघास पसंत पडलें नाहीं. दोन्ही संघांमध्यें पत्रोपत्रीं वाद झाले. कोणाचें क्षेत्र कोणतें, कोणीं कोठें उपदेश करावा, यावरून सज्जनांमध्येंहि मनें दुखावलीं. एका संघानें नाकारलेले आणि दुसऱ्या संघानें स्वीकारलेले गोन्सालो या दोहोंच्या मध्यें उभे होते.

सन १५९६ च्या आक्टोबरांत सान फेलिपे नांवाचें मोठें स्पॅनिश जहाज वादळांत सांपडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागलें. त्यावरील अमोल माल हिदेयोशीनें जप्त केला. त्या प्रसंगीं जहाजावरील सुकाणूवाल्यानें स्पेनच्या राजाच्या सामर्थ्याची बढाई मारली, व धर्मगुरु म्हणजे स्वारीची पहिली तुकडी असा अर्थ त्यांतून निघाला, असें म्हणतात. या हकीकतीविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परिणामाविषयीं मतभेद नाहीं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मियाको व ओसाका येथील घरांस पहारे बसले, आणि आंत सांपडलेल्यांची यादी तयार होऊं लागली.

त्या यादीकडे माझें लक्ष आतां खऱ्या अर्थानें गेलें. पकडले गेले चोवीस. त्यांत फ्रान्सिस्कन संघाचे सहा: तीन धर्मगुरु, धर्मगुरुपदाची दीक्षा घेण्यासाठीं मेक्सिकोस निघालेले व सान फेलिपे जहाजावरून येथें येऊन पडलेले तरुण फेलिपे, आणि दोन ब्रदर. येशूसंघाचे तीन: नामांकित उपदेशक पॉल मिकी, एकोणीस वर्षांचे जॉन, आणि ओसाकाच्या घरीं पाहुण्यांची सेवा करणारे चौसष्ट वर्षांचे दिएगो किसाई. बाकीचे सारे गृहस्थ. लिओ कारासुमारू हे धर्मशिक्षक होते व रुग्णालयाचा कारभार पाहत. त्यांचे बंधु पॉल इबाराकी लाकडी पिंपें बनवीत. कोस्मास ताकेया हा तलवारींस धार लावणारा शिकलगार. मिगेल कोझाकी धनुष्यबाण करणारा, व त्याच्याबरोबर त्याचा चौदा वर्षांचा मुलगा थॉमस. जॉन किनुया हा रेशमाचा विणकर. फ्रान्सिस हा वैद्य. जोआकिम साकाकिबारा हा ओसाकाच्या घरचा आचारी. तेरा वर्षांचा आंतोनियो हा मिस्सेस वेदीसेवक असे. त्याचे वडील चिनी व आई जपानी, म्हणजे तोहि गोन्सालोंसारखाच दोन घरांचा. आणि सर्वांत धाकटा लुईस इबाराकी, वय वर्षें बारा.

आणखी एक नांव आहे, मथियास. शिपाई यादी वाचीत दाराशीं आले व त्यांनीं मठाच्या नोकरमंडळींपैकीं मथियास नांवाच्या माणसास हांक मारली. तो बाहेर गेला होता. शेजारीं राहणारा दुसरा एक माणूस पुढें आला व म्हणाला कीं, माझेंहि नांव मथियास आहे व मीहि ख्रिस्ती आहें. शिपायांस संख्या पुरी करावयाची होती; त्यांनीं त्यास बांधून नेलें. त्याचा धंदा कोणता, वय काय, घरीं कोण होतें, याची कोठेंहि नोंद नाहीं.

सन १५९७ च्या जानेवारीच्या ३ तारखेस मियाको येथें त्या चोवीस जणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यांत आला. मूळ हुकूम नाक व दोन्ही कान कापण्याचा होता, तो एका अधिकाऱ्याच्या दयेनें एवढ्यावर आला. नंतर गाड्यांत घालून त्यांची शहरांतून धिंड काढण्यांत आली. मग ओसाका, सकाई, आणि तेथून भर हिंवाळ्यांत नागासाकीपर्यंत सुमारें ८०० किलोमीटरांचा रस्ता. जवळजवळ महिनाभर ते चालत होते. वाटेंतील लोकांनीं पाहून धडा घ्यावा, हा त्या प्रवासाचा हेतु होता. लोकांनीं पाहिलें तें निराळेंच, म्हातारे व मुलें बरोबरीनें गात चाललीं आहेत असें.

वाटेंतच ही संख्या चोविसाची सव्वीस झाली. येशूसंघाच्या बंदिवानांची कांहीं सोय व्हावी म्हणून पेत्रो सुकेजिरो नांवाच्या गृहस्थास त्यांच्यामागें पाठविलें होतें. आणि फ्रान्सिस नांवाचा मियाकोचा एक सुतार, कोणीं न पाठवितां, आपण होऊन मागें येत होता. दोघेहि बंदिवानांस खाण्यापिण्यास देत, त्यांचें ओझें घेत. पहारेकऱ्यांनीं शेवटीं त्या दोघांसहि बांधून रांगेंत घातलें. त्यांवर आरोप नव्हता, हुकुमांत त्यांचें नांव नव्हतें. पाणी पाजणें एवढाच त्यांचा अपराध. त्यांनीं तक्रार केली नाहीं.

याच प्रवासांत थॉमसनें आपल्या आईस एक पत्र लिहिलें. बाबा बरोबर आहेत, तूं दुःख करूं नको, धाकट्या भावंडांस सांभाळ, अशा अर्थाचें तें आहे. तें पत्र आईपर्यंत पोंचलें नाहीं. मरणानंतर तें त्याच्या बापाच्या कपड्यांत रक्तानें माखलेलें सांपडलें.

फेब्रुवारीच्या ५ तारखेस सकाळीं ते नागासाकीजवळील निशिझाका टेंकडीवर पोंचले. सव्वीस क्रूस जमिनीवर आडवे मांडलेले होते. शिक्षेची देखरेख करणाऱ्या तेराझावा हानझाबुरो या अधिकाऱ्यानें लहानग्या लुईसला धर्म सोडल्यास जीव वांचवितों असें सांगून पाहिलें होतें. त्यानें ऐकिलें नाहीं. सांगतात कीं टेंकडीवर येतांच गोन्सालो पहिल्या दिसलेल्या क्रूसाकडे गेले व तेथील माणसास त्यांनीं जपानींत विचारलें कीं, हा माझा काय? त्यानें नाहीं म्हटलें व दुसरा दाखविला. तेव्हां गोन्सालोंनीं त्या दुसऱ्या क्रूसापाशीं गुडघे टेंकून त्यास मिठी मारली. ही हकीकत वाचतांना मला दर वेळीं थांबावेंसें वाटतें. जपानांत प्रथम पाऊल ठेविल्यापासून हा पुरुष एक जागा मागत होता. एका संघाच्या दाराशीं त्यानें हाच प्रश्न विचारला होता, व उत्तर नकाराचें आलें होतें.

सव्वीसहि जणांस लोखंडी कड्या व दोर यांनीं क्रूसांशीं बांधून क्रूस उभे केले. एका रांगेंत, सर्वांचीं तोंडें शहराकडे. पॉल मिकी यांनीं क्रूसावरून लोकांस उपदेश केला. मुलांनीं स्तोत्र गायिलें. आंतोनियोचे आईबाप गर्दींत उभे होते. मग दोन बाजूंनीं दोन भाले, अशा रीतीनें एकामागून एक सर्वांचा अंत झाला. प्रथम फेलिपे गेले असें सांगतात, आणि आपल्या सर्व मंडळींचें मरण पाहून सर्वांच्या शेवटीं फादर पेद्रो बाप्तिस्ता. गोन्सालो त्या वेळीं सुमारें चाळीस वर्षांचे होते. ज्या येशूसंघानें त्यांस घेतलें नव्हतें त्याचे तिघे, आणि ज्या फ्रान्सिस्कन संघाशीं येशूसंघाचा वाद चालला होता त्याचे सहा, एकाच रांगेंत टांगले गेले. शिपायांस हा भेद ठाऊक नव्हता, आणि भाल्यांसहि नव्हता.

सन १६२७ मध्यें पोप आठवे अर्बन यांनीं त्यांस धन्य म्हणून घोषित केलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं रोम येथें सव्विसांसहि संतपद दिलें. भारतभूमींत जन्मलेले पहिले संत म्हणून आपण गोन्सालोंचा अभिमान धरतों, आणि तो योग्यच आहे. मात्र त्या घोषणेकडे आणखी एका दृष्टीनें पाहतां येतें. पोपमहाशयांनीं धर्मगुरूंस एके दिवशीं व आचाऱ्यास दुसऱ्या दिवशीं संत केलें नाहीं. उपदेशक, ब्रदर, शिकलगार, विणकर, सुतार, वेदीसेवक मुलगा व शेजारच्या घरांतला तो मथियास, सर्वांचीं नांवें एकाच वेळीं, एकाच वेदीसमोर वाचलीं गेलीं. संत पौलानें करिंथकरांस लिहितांना ख्रिस्तसभेस शरीराची उपमा दिली आहे व दुर्बळ दिसणाऱ्या अवयवांस अधिक मान द्यावा असें सुचविलें आहे. त्या अध्यायावर मीं अनेक प्रवचनें दिलीं आहेत. तो अध्याय एखाद्या यादीच्या रूपानें लिहिला तर कसा दिसेल, हें मला निशिझाकाची ही यादी वाचून कळलें.

संतपदाच्या घोषणेस शंभर वर्षें झालीं तेव्हां, सन १९६२ मध्यें, निशिझाका टेंकडीवर स्मारक बांधण्यांत आलें. त्यावर शिल्पकार फुनाकोशी यांनीं घडविलेल्या सव्वीस कांस्यमूर्ति एका ओळींत उभ्या आहेत. मुलांच्या मूर्ति उंचीनें लहान आहेत. सन १९८१ मध्यें पोप दुसरे जॉन पॉल व सन २०१९ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं तेथें येऊन प्रार्थना केली. इकडे वसईचा किल्ला सन १७३९ मध्यें चिमाजीअप्पांनीं घेतला, पोर्तुगीज गेले, मठ ओस पडले. सन १९९८ मध्यें वसईस स्वतंत्र धर्मप्रांत झाला. आज गोन्सालोंच्या नांवाचें देवमंदिर आहे, महाविद्यालय आहे, आणि कित्येक घरांत त्यांच्या नांवाचा मुलगा आहे.

आतां त्या यादीविषयीं. स्मरणिका छापखान्यांत जाण्यास थोडाच अवधि उरला असतां मीं धर्मग्रामांतील वृद्ध मंडळींच्या घरोघर जाऊन रेती वाहणाऱ्या, चुना कालविणाऱ्या, गवंड्यांस जेवण रांधून आणणाऱ्या बायांचीं व गड्यांचीं नांवें विचारून घेतलीं. कांहीं मिळालीं. कांहीं केवळ अमक्याची आई, तमक्याची सून, एवढींच मिळालीं, व तशींच छापिलीं आहेत. एका बाईविषयीं दोघां-तिघांनीं आठवण सांगितली कीं, ती रोज सर्वांच्या आधीं येई, तिच्या कडेवर मूल असे, व तें ती आंब्याखालीं झोळींत निजवून कामास लागे. तिचें नांव कोणासच आठवेना. तिच्यासाठीं यादींत एक ओळ सोडली आहे; तिच्या पुढें नांवाची जागा कोरी आहे. स्मरणिकेच्या अखेरीस ती यादी आहे, व तिच्यामागें दोन कोरीं पानें मुद्दाम ठेविलीं आहेत. ज्यांस आणखी कांहीं आठवेल त्यांनीं रविवारच्या पहिल्या मिस्सेनंतर मजकडे यावें. मी वही घेऊन दाराशीं बसतों.